बुधवारचा कोयता

शनिवार, ९ सप्टेंबर

दहा मेच्या नोंदीत मी लिहिलं आहे, ‘बसच्या खिडकीतून मला सगळं स्पष्ट दिसलं.’ हे वाक्य चुकीचं आहे. खिडकीपाशी मी होते, पण बस भरल्यावर एक बाई माझ्या मांडीवर बसली, तिच्या मांडीवर तारोच्या कंदांचं पोतं होतं, आणि मला जे दिसलं ते तिच्या काखेखालून. बाई भली होती. वजनाने तर फारच.

दुरुस्त हकिकत अशी. पेसामिनो बसथांब्याच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. तो मी शिकवते त्या वर्गातला, सोळा वर्षांचा. समोर दुसऱ्या शाळेची चार मुलं, त्यांत पुढे फेरेती. फेरेती सतरा वर्षांचा, आमच्याच गावचा, माझ्या वडिलांच्या चुलतभावाचा मुलगा. त्याच्या हातात कुठल्यातरी केळीवाल्याच्या गाड्याची फळी होती. ती दोनदा पेसामिनोच्या खांद्यावर बसली. मग मांडीवरच्या बाईने पोतं सरकवलं. पुन्हा दिसायला लागलं तेव्हा फेरेती जमिनीवर बसला होता आणि फळ्यावर अवघड गणित आल्यावर मुलं बघतात तसा बघत होता. पेसामिनोच्या हातात कोयता होता.

म्हणजे वार मी पाहिलाच नाही. पोलिसांना मात्र ‘पाहिला’ म्हणून सांगितलं, आणि फळीचं सांगायचं राहून गेलं. शिकलेल्या माणसाने अर्धवट पाहणं बरं दिसत नाही असं काहीतरी त्या वेळी डोक्यात असावं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझा तो झगा घातलेला फोटो भिंतीवर येशू आणि गावच्या रग्बी संघाच्या मधोमध आहे. अशा जागी टांगलेल्या मुलीला काखेखालून बघून चालत नाही.

चूक दुरुस्त केल्यावर हलकं वाटलं. दुरुस्ती पोलिसांकडे केलेली नाही, वहीत केली आहे. पण सुरुवात म्हणून ठीक.

सोमवार, ११ सप्टेंबर

खटला पुढच्या महिन्यात आहे, पण सगळ्या बेटाचा निकाल लागून गेला. न्यायाधीशच तेवढे मागे राहिले आहेत. आज ऑकलंडहून आत्याचा फोन आला. आत्या एकोणीस वर्षांत इथे दोनदा आली, पण तिला इथलं सगळं आधी कळतं.

“नेसे, ते पोरगं म्हणतं मी जीव वाचवायला मारलं? लाज आहे का काही?”

“आत्या, त्याचे वकील म्हणतात.”

“वकील काय, पैसे घेऊन समुद्रसुद्धा गोड आहे म्हणतील. मला एक सांग. जीव वाचवणारा घरून कोयता बांधून निघतो का? तेही बुधवारी?”

बुधवारीच सगळं अडतं. शुक्रवारी गवत कापायचं असतं म्हणून शाळेतलं एकूण एक पोर गोणपाटात गुंडाळलेला कोयता काखेत मारून बसमध्ये चढतं, आणि ड्रायव्हरसुद्धा वळून बघत नाही. बुधवारी तेच पोर खुनी. रेडिओवर तेच, फेसबुकवर तेच, चर्चच्या पायऱ्यांवरही तेच. एकाने लिहिलं होतं की पेसामिनोला फासावर द्या. त्यात तीन चुका होत्या. मी त्या सुधारून खाली टाकल्या. त्याने ‘धन्यवाद बाई’ म्हणून फुलांच्या हाराचं चित्र पाठवलं. मग कळलं की आता फाशीची मागणी शुद्ध झाली आहे आणि त्यात माझा हात आहे.

पोलिसांनी मला विचारलं होतं, “तुमच्या शाळेत गवत कापायचा वार कोणता?” मी सांगितलं, “शुक्रवार.” ते वाक्य मी पुष्कळदा तपासलं आहे. शंभर टक्के खरं आहे.

गुरुवार, १४ सप्टेंबर

शिक्षकांच्या खोलीत चहाला पुन्हा इफोगाचा विषय. भूगोलाचे सर म्हणाले, “बापाने इफोगा केला, म्हणजे कबूल केलं. आता कोर्टात उलटं बोलणं म्हणजे बापाच्या डोक्यावरची चटई ओढणं.”

तो इफोगा असा: फेरेती गेला त्याच्या दुसऱ्या पहाटे पेसामिनोचे वडील मालाकी, त्यांचे दोन भाऊ आणि त्यांच्या कुळाचा म्हातारा मुखिया आमच्या गावात येऊन फेरेतीच्या घरासमोर ओल्या गवतात बसले. डोक्यावरून ती मानाची बारीक विणीची चटई ओढून, मान खाली. अशा वेळी आतली माणसं बाहेर येऊन काहीही करू शकतात, आणि बाहेरच्यांनी हलायचं नसतं. फेरेतीचा एक मामा दगड घेऊन उभा राहिला होता. ते साडेतीन तास बसले. मग आमचे थोरले काका, जे आमच्या कुळाचे मुखिया आहेत, उतरले आणि त्यांनी चटई उचलली.

मी तेव्हा वहीत लिहिलं होतं, ‘संपलं. देवाची कृपा.’ चटई उचलली की दोन्ही घरांचं मिटतं, ते मिटलं की कोर्टाचंही हळूहळू मिटेल, आणि मग कुणाला बुधवार-शुक्रवारबद्दल विचारावं लागणार नाही, असा माझा हिशोब होता. कायद्याचा अर्धा अभ्यासक्रम मी शिकले आहे. कोर्टाला चटई दिसते, पण कोर्ट चटईपाशी थांबत नाही, हे परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. परीक्षेत माणूस किती शहाणा असतो!

रविवार, १७ सप्टेंबर

दुपारच्या जेवणानंतर सगळे झोपले आहेत. आता लिहून टाकते.

मंगळवारी, नऊ मे रोजी, शेवटच्या तासाला मी वर्गाला सांगितलं, “उद्या कोयते आणा.” गुरुवारी शाळा तपासणी होती. कुंपणाकडचा तुकडा आमच्या वर्गाचा, आणि तिथे गवत गुडघ्याला लागत होतं. बाकीच्या वर्गांचे तुकडे बरे होते. माझाच तेवढा वाईट दिसेल म्हणून मला दोन रात्री झोप नव्हती. मी मुख्याध्यापिकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, “आकेनेसे, तपासणी अधिकारी गवत खायला येत नाहीत.”

बुधवारी एकवीस मुलांनी कोयते आणले. पेसामिनोने सगळ्यांत नीट गुंडाळून आणला होता, सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून. सकाळी दहाला निरोप आला की तपासणी पुढे ढकलली. मी म्हटलं, “राहू दे, शुक्रवारी सगळ्यांबरोबर कापू, कोयते घरी न्या.” गवताचं एक पातंही कापलं गेलं नाही. तीनला शाळा सुटली. पावणेचारला बसथांबा.

वर्गातल्या पाच मुलांनी पोलिसांना सांगितलं की बाईंनी आणायला लावले होते. पोलिसांनी ते ‘आरोपीचे मित्र’ या सदरात घातलं, कारण शाळेने लेखी दिलं आहे की शुक्रवारखेरीज कोणतीही सूचना नव्हती. आणि बाईंना विचारलं तर बाईंनी सांगितलं, “शुक्रवार.”

पुढे काय होईल ते मला माहीत आहे. कोयता मुद्दाम आणला असं ठरलं तर खून, आणि खुनाला जन्मठेप. शाळेच्या कामाला आणला असं ठरलं तर फळी आधी आली, भिंत पाठीला होती, आणि हातात जे होतं ते त्याने उचललं. मधे फक्त मी उभी आहे.

आईने आत्ता पडद्याआडून विचारलं, “जागी आहेस? जेवली नाहीस. पोट बिघडलंय की मन? पोटाचं औषध आहे माझ्याकडे.”

मी म्हटलं, पोट. तिने कसलातरी कडू पाला उकळून दिला. चारदा जाऊन आले. हे मात्र मी कमावलेलं होतं.

बुधवार, २० सप्टेंबर

पेसामिनोच्या वकीलबाई, रोपेता, शाळेत आल्या. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनीच मोठ्या असतील. आम्ही फणसाच्या झाडाखालच्या बाकावर बसलो.

“आकेनेसे, दहा मे रोजी मुलांना कोयते आणायला कुणी सांगितलं होतं का?”

“आमच्या शाळेत गवत शुक्रवारी कापतात.”

“शुक्रवार कधी असतो ते मी विचारलं नाही.”

“मला... नक्की शब्द आठवत नाहीत.”

“पाच मुलांना आठवतात.”

“मुलं कधी कधी...” मी म्हणाले आणि थांबले. वाक्य पूर्ण केलं नाही, म्हणजे खोटं बोलले नाही, असं मी मनात नोंदवलंसुद्धा! माझ्या प्रामाणिकपणाला आता वकिलाची गरज आहे.

त्यांनी वही मिटली. “सुनावणी बारा ऑक्टोबरला आहे. त्याआधी शब्द आठवले तर माझं ऑफिस बाजाराच्या मागे आहे. आठला उघडतं.”

त्या गेल्यावर मी सहावीच्या वर्गाला सत्य या विषयावर निबंध दिला. दुसरा विषय सुचलाच नाही.

शनिवार, ३० सप्टेंबर

बसमध्ये मालाकी भेटले. मी चढले तसे ते उठले. “बसा, बाई.” मी नको म्हटलं. त्यांनी टोपी काढून पुन्हा म्हटलं, मग मी बसले. एका खुन्याचा बाप म्हणून त्यांच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं, आणि मीही आधी पुढची जागा शोधली होती.

“पोरगं बरं आहे,” ते उभ्यानेच म्हणाले. “तिथे कोठडीत वाचतंय. तुम्ही शिकवलेलं.”

“खटल्याचं काय म्हणतात वकील?”

“वकीलबाई म्हणतात लढू. मी पोराला सांगितलं, कबूल कर. मी चटईखाली बसलो होतो, बाई. आता त्याने उठून सांगायचं की माझा दोष नाही, मग मी तिथे कशाला बसलो होतो? गवत मोजायला?”

“पण त्याने कबूल केलं तर...”

“माहीत आहे. बारा तारखेला कबूल करील. ऐकतो तो माझं.” मग जरा वाकून, आवाज उतरवून, “कोयत्याचं विचारलं तर म्हणतो, मी माझ्या मनाने नेला. ती पाच पोरं काही वेगळंच सांगतात, तर त्यांच्यावर चिडतो. म्हणतो, बाईंचं नाव घेऊ नका.”

घरी येईपर्यंत मी विचार करत होते की त्याने असं का सांगितलं असेल. विसरला असेल. स्मरणशक्ती त्याची आधीपासून कच्ची, दहा आज्ञांतल्या सातच्या पुढे कधी गेला नाही. किंवा माझ्यावर रागावला असेल आणि माझं नावही नको असेल त्याला.

नंतर, भांडी घासताना: मूर्ख बाई, तो तुझी नोकरी वाचवतोय.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

आता एकच आडोसा उरला होता. मी खरं सांगितलं, पेसामिनो लढला, तर इफोगा खोटा पडेल, आमच्या काकांनी उचललेल्या चटईचा अपमान होईल, दोन गावांत पुन्हा वैर पेटेल. म्हणजे माझं गप्प राहणं हे एक प्रकारचं शांतताकार्यच होतं. हे मला इतकं पटलं की ते काकांकडून नीट पटवून घ्यावं म्हणून शाळा सुटल्यावर उन्हात दीड मैल चालत गेले.

काका मांडीवर नारळाच्या काथ्याची दोरी वळत बसले होते.

“काय गं डिग्री? कुणी मेलं का?”

“नाही. सहज.”

“सहज या उन्हात कुत्रंसुद्धा येत नाही. बस.”

मी बसले आणि फिरवून फिरवून विचारलं, की समजा एखाद्याने इफोगा केला, आणि समजा नंतर कोर्टात त्याचा मुलगा म्हणाला की मी जीव वाचवायला मारलं, तर चटईचं काय?

काकांनी दोरी थांबवली नाही. “चटई मी उचलली ना? मी वाकून मालाकीच्या कानात काय म्हणालो, माहीत आहे?”

“क्षमा केली म्हणालात?”

“म्हणालो, ऊठ, ओलं आहे.” त्यांनी दोरीचं टोक दातात धरलं, सोडलं. “दोष कुणाचा ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मेलेलं पोर आमचं. त्याच्या पोराच्या हातून गेलं. म्हणून तो आला. तो आला नसता तर दगड उचलले गेले असते. एवढंच ते काम.”

“पण लोक म्हणतात...”

“लोक ऑकलंडमध्ये आहेत. चटई इथे होती.”

“मालाकींना हे कुणी सांगितलं का?”

आता मात्र दोरी थांबली. “तो तसं समजतो?”

“पोराला कबूल करायला सांगताहेत.”

काकांनी दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाले, “जातो मी त्याच्याकडे. आणि तू? तू काय सांगायला आली होतीस?”

“काही नाही, काका.”

“हं,” ते म्हणाले. “पाणी पिऊन जा. तोंड सुकलंय.”

गुरुवार, ५ ऑक्टोबर

मुख्याध्यापिका तिमाबाईंना सांगितलं की त्या दिवशी मी वर्गाला कोयते आणायला सांगितलं होतं आणि ते मी वकिलांना सांगणार आहे. सांगताना मी त्यांच्या टेबलावरचा स्टेपलर इतक्या वेळा दाबला की तो रिकामा झाला.

त्या म्हणाल्या, “शाळेचं पत्र गेलेलं आहे, आकेनेसे.”

“ते तुम्ही न माहीत असताना लिहिलंत. चूक माझी आहे.”

“एवढंसं गवत. आणि ते एकवीस कोयते फणसाखाली कसे लावून ठेवलेस, पाती एकीकडे, मुठी एकीकडे. तुझ्यासारखी शिस्त कुणात नाही. कशाला स्वतःचं नुकसान करतेस?” मग खिडकीकडे बघत, “पुढच्या वर्षी तुझी नोकरी कायम व्हायची आहे.”

बाहेर आल्यावर मला त्यांच्या नजरेचं कौतुक वाटलं. इतक्या कामात एकवीस मोजले. मग दोन तासांनी, लहान वर्गाला बेरीज शिकवताना, माझीही बेरीज लागली. त्यांनी कोयते पाहिले होते. पत्र त्यानंतर लिहिलं होतं. मुलांनी तीनदा विचारलं, “बाई, हातचा किती?”

रविवार, ८ ऑक्टोबर

आज मुलांचा रविवार. सगळी पोरं नव्या पांढऱ्या कपड्यांत, चर्चमध्ये एकेकाने वचन म्हणायचं, आणि आज वर्षातून एकदा मोठी माणसं मुलांना वाढतात आणि स्वतः नंतर जेवतात. मी मुलांचं पाठांतर घेते. अडलेल्याला पुढचा शब्द हळूच सांगायचं माझं काम होतं. एका पोराला मी इतक्या मोठ्याने आणि इतकी चुकीची ओळ सांगितली की पाळकसाहेबांनी स्वतःचं पुस्तक उघडून पाहिलं.

फेरेतीच्या धाकट्या बहिणीने वचन न अडता म्हटलं. तिची आई, लागीकाकू, शेवटच्या बाकावर होती. मे महिन्यापासून ती माझ्याशी बोललेली नव्हती. मला वाटायचं, तिला मी दिसत नाही. आज वाढताना ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. हातात अळूच्या पानांतल्या नारळाच्या दुधाचं पातेलं.

“तू बसमध्ये होतीस म्हणे.”

“हो, काकू.”

“सगळे मला सांगतात की त्याला कसं मारलं. जे नव्हते तेही सांगतात. तू होतीस, तू कधी आली नाहीस.”

मी सांगितलं. पोलिसांना सांगितलं तसं नाही, आहे तसं. काख, पोतं, फळी. “फळी आधी त्याने मारली, काकू. दोनदा.”

ती वाढत राहिली. तीन पोरांच्या ताटात वाढून झाल्यावर म्हणाली, “त्याच्या तळव्यात कुसळ होतं लाकडाचं. आंघोळ घालताना मीच काढलं. हे एवढं.” तिने करंगळीचं पेर दाखवलं. “मला कुणी विचारलं नाही.”

मग मला थांबता आलं नाही. “आणि कोयता मी आणायला सांगितला होता. वर्गाला. गवतासाठी.”

तिने पातेलं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. मला वाटलं मारील, आणि मारलं तर बरं होईल असंही वाटलं.

“आज पोरांचा दिवस आहे,” ती म्हणाली. “आज नको.” आणि पातेलं उचलून दुसऱ्या रांगेला गेली. परत माझ्याकडे आली नाही. मी उरलेल्या मुलांना वाढलं. पळी न बघता भरत होते म्हणून सगळ्यांना जास्त पडलं, आणि पोरं खूश झाली.

सोमवार, ९ ऑक्टोबर

पहाटेच उठले, आंघोळ केली, चर्चचा पोशाख घातला, वकीलबाईंच्या ऑफिसात जायला निघाले. आई म्हणाली, “कुठे?” मी म्हटलं, “शहरात. काम आहे.” ती म्हणाली, “जा.” बस मिळेना. तासाभराने एक ट्रक मिळाला. बाजाराच्या मागे गेले तर ऑफिसला कुलूप. शेजारच्या दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता.

“बाई, आज सुट्टी आहे.”

“कसली?”

“काल मुलांचा रविवार होता ना. त्याच्या दुसऱ्या दिवशीची. शाळेत शिकवत नाहीत का हे?”

पाच महिने गप्प राहून ज्या दिवशी धीर गोळा केला तो नेमका अख्ख्या देशाच्या सुट्टीचा सोमवार. कुलपाला जबाब देऊन परत येण्याचा विचार मनात आला. मग हसू आलं, आणि मग तिथेच पायरीवर म्हाताऱ्याशेजारी बसून रडले. त्याने मला अर्धी पावरोटी दिली आणि एक शब्द विचारला नाही.

दुपारी काका आले होते. मालाकींकडे जाऊन आले. मालाकींनी ऐकून घेतलं, पण ते म्हणाले, चटईचं कळलं, तरी कोयत्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि उत्तर नसेल तर पोराने कोर्टात कशाला हसं करून घ्यावं. काका हे सांगून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं, आईसमोर. आईने फोटोकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. ती म्हणाली, “नोकरी गेली तर कोको विकू. तुझ्या आजीनेही विकला.” काका म्हणाले, “गावात बोलतील.” आई म्हणाली, “बोलू देत. गावाला तोंडं आहेत.”

उद्या काय बोलायचं ते पाच वेळा लिहिलं. पहिल्यात दोन पानं होती आणि तपासणी अधिकाऱ्यांची थोडी चूक होती. दुसऱ्यात गवताच्या उंचीचं वर्णन. तिसऱ्यात मी रडत होते. चौथ्यात वर्गाची क्षमा मागितली होती, ती वर्गासमोर मागायची आहे, वकिलांसमोर नाही. पाचव्यात चार ओळी उरल्या: मंगळवारी, नऊ मे रोजी, मी वर्गाला दुसऱ्या दिवशी कोयते आणायला सांगितलं. बुधवारी मीच ते न वापरता घरी न्यायला सांगितले. फळी आधी आली, ती मी पाहिली. कोयत्याचा वार मी पाहिला नाही.

खाली सही केली. तारीख आजची टाकली होती, ती खोडून नवी लिहिली:

मंगळवार, १० ऑक्टोबर, सकाळी आठ.